हॅलोची पोरे आणि मराठवाड्याचे दुखणे

१९८० च्या दशकात औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या काही पोरांनी एक गट काढला. नाव ठेवले ‘हॅलो’. हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. आज हे नाव कोणाला ठाऊक असलेच तर ते धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’मुळे. पण संस्था नंतरची. आधी होती ती कॉलेजातली पोरे. परीक्षेच्या पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी आपल्या आपण शिकायच्या, एवढेच त्यांनी ठरवले होते.

आपल्याकडे समाजासाठी झटलेल्या डॉक्टरांची चरित्रे पुष्कळ आहेत. जामखेडचे आरोळे दांपत्य, गडचिरोलीचे बंग दांपत्य, मेळघाटातले बैरागडचे कोल्हे दांपत्य ही नावे शाळकरी पोरालाही माहीत असतात. या चरित्रांत एक खोट असते. ती एका माणसाला उचलून धरतात आणि तो माणूस ज्या चार मित्रांत घडला, त्यांना वाटेत सोडून देतात. महाराष्ट्रातल्या लोकाभिमुख वैद्यकाची बीजे एखाद्या महापुरुषाच्या साक्षात्कारात शोधण्यापेक्षा १९६५ ते १९९३ या काळातल्या विद्यार्थी गटांत शोधावीत, असे मला वाटते. मराठवाड्यापुरते तर नक्कीच.

या गोष्टीला मराठवाड्यात वेगळा रंग का आला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. निजामाच्या राज्यात डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाची शिकवण्याची भाषा उर्दू. लातूर, नांदेड, बीडकडच्या मराठी पोराला ही वाट केवढी अवघड, हे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला निघायला १९५६ उजाडले. दुसरे अंबाजोगाईला, १९७४ मध्ये. मराठवाडा विकास आंदोलनाने विद्यार्थी रस्त्यावर आले, ते हेच वर्ष. ज्या गावात स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी शाळेत शिकवले, त्याच गावच्या या महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि त्या नावात ‘ग्रामीण’ हा शब्दही आहे. नांदेडचे महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे खासगी १९९० चे आणि सरकारी २००२ चे.

आता अहमदपूरच्या नजरेने हे पाहा. हा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला आणि ऑगस्ट १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आला. जिल्ह्याचे ठिकाण बदलत राहिले, दवाखान्याचे अंतर तेवढेच राहिले. पश्चिमेला किनगावमार्गे अंबाजोगाई, ईशान्येला नांदेड, नैऋत्येला लातूर. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या एखाद्या वाडीवर बाई अडली की आधी बैलगाडीने सडकेपर्यंत यायचे आणि मग एसटीची वाट पाहायची. सरकारी नकाशावर अहमदपूर तीन वैद्यकीय शहरांच्या मधोमध दिसते. अडलेल्या बाईच्या दृष्टीने ते तिन्हींपासून लांबच होते. हॅलोसारख्या गटांपुढचा प्रश्न हा असा होता: महाविद्यालये निघाली, डॉक्टर निघू लागले, तरी तो डॉक्टर या वाडीपर्यंत का पोचत नाही?

प्रश्न मराठवाड्याचा असला तरी तो विचारण्याची सवय पश्चिम महाराष्ट्रातून आणि विदर्भातून आली. १९६६-६७ च्या बिहार दुष्काळाने देशभरातले कॉलेजातले तरुण हलले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्या सुमाराला बाहेर पडलेल्यांत कुमार सप्तर्षी होते, अनिल अवचट होते. सप्तर्षींनी युवक क्रांती दल उभे केले. अवचटांचे बिहारवरचे ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये आले आणि पुढे त्यांनी स्टेथोस्कोप जवळपास बाजूलाच ठेवला. याच महाविद्यालयातून अनंत फडके आले. लोकविज्ञान चळवळ आणि औषधांच्या गैरवापराविरुद्धची लढाई यांत ते आजवर आहेत. एका महाविद्यालयातून थोड्या वर्षांत एवढी माणसे निघावीत, हा योगायोग म्हणवत नाही.

तिकडे सेवाग्रामला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि दर तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, पहिल्याच वर्षी त्या गावात मुक्काम करायचा, असा पायंडा पाडला. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेले अभय बंग, उल्हास जाजू यांच्यासारखे तरुण जयप्रकाशांच्या तरुण शांतिसेनेच्या वाऱ्यात होते. त्या वर्तुळातून १९७४ मध्ये ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ निघाले. डॉक्टर, विद्यार्थी आणि आरोग्याचे काम करणारे इतर लोक यांचे हे देशभरचे मित्रमंडळ. १९७६ पासून त्याचे इंग्रजी पत्रक निघू लागले. दिसायला अगदी साधे, पण त्यातले वाद तिखट असत. देशात डॉक्टर कमी आहेत की नको तिथे जास्त आहेत? कुटुंबनियोजनाची सक्ती हे आरोग्याचे काम आहे का? औषध कंपन्यांच्या पैशावर परिषदा भरवाव्यात का? प्राध्यापक हे प्रश्न वर्गात विचारत नसत आणि विद्यार्थ्याने विचारलेले त्यांना आवडत नसे.

या मंडळींनी नुसते वाद घातले नाहीत. गर्भ राहिला की नाही हे पाहायला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस देण्याची चाल तेव्हा खेड्यापाड्यांत बोकाळली होती. पाळी चुकली की दुकानदार ती गोळी काढून देई. पोटातल्या गर्भाला त्यातून धोका होता. या गोळ्यांविरुद्ध देशभर मोहीम झाली, तीत मेडिको फ्रेंड सर्कल पुढे होते. १९८२ ला बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि अंतिम बंदी यायला १९८८ उजाडले. भोपाळच्या वायुकांडानंतर मार्च १९८५ मध्ये याच मंडळाच्या लोकांनी वस्त्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. सरकारी आकड्यांवर अवलंबून न राहता आजार स्वतः मोजायचा, ही शिकवण तिथे पक्की झाली.

हॅलो औरंगाबादेत उभा राहिला तो या हवेत. शहरात नामांतराच्या प्रश्नाची आग होती. १९७८ च्या दंगलींत मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या होत्या आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडणार होते. अशा दिवसांत वैद्यकीय विद्यार्थी गावात गेला की गाव त्याला आधी ‘तुमी कोन्च्या गावचे, कोनाचे?’ असे विचारी आणि मग नाडी पुढे करी. दुखणे आणि जात वेगळे काढता येत नाही, हा धडा पुण्यातल्या अभ्यासमंडळात वाचून शिकता आला असता, मराठवाड्यात तो वेशीवरच मिळत होता.

अशा गटांची कामाची सुरुवात बहुधा शिबिराने होते. रविवारी गाडी करून जायचे, शाळेच्या ओट्यावर टेबल मांडायचे, नमुन्याच्या गोळ्यांचे खोके उघडायचे. शंभर-दीडशे माणसे रांगेत. कंबर दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगात कणकण आहे. संध्याकाळी हारतुरे, चहा, फोटो. शिबिरांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही आणि त्या काळातल्या शहाण्या विद्यार्थ्यांचेही लवकरच तसे झाले. पंडुरोगाने पांढऱ्या पडलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात. शिबिरात तिला आठवड्याच्या मिळतात. तिच्या घरात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी ती जेवते, हे टेबलापलीकडून दिसत नाही. शिबिराने गावाचे भले होते त्यापेक्षा विद्यार्थ्याचे अधिक होते, कारण त्याला निदान हे तरी कळते की आपल्याला काही कळत नाही.

नारूचेच पाहा. आजच्या पोरांना हा रोग माहीत नाही, पण आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या माणसाने कोणाच्या ना कोणाच्या पायातून तो पांढरा दोरा निघताना पाहिलेला असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात उतरून घागर भरत. पायात नारू असलेला माणूस उतरला की कृमीची पिल्ले पाण्यात सुटत. डोळ्याला जेमतेम दिसणारे पाणकिडे ती गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात कृमी जाऊन साधारण वर्षभराने त्याच्याच पायातून हातभर लांबीचा होऊन बाहेर पडे. ऐन पेरणीत किंवा सुगीत घरचा कर्ता माणूस पाय धरून बसे. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजायचा. यावर गोळी नव्हती, लस नव्हती. डॉक्टरांपेक्षा हे काम गवंड्याचे होते: पायऱ्या बुजवायच्या, कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. आणि घरात पाणी फडक्याने गाळायचे. भारतातला शेवटचा नारूचा रोगी जुलै १९९६ मधला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. वैद्यकाच्या एवढ्या मोठ्या विजयात औषधाचा वाटा जवळपास नाही, हे ज्या विद्यार्थ्याने पाहिले, त्याला आयुष्यभर प्रिस्क्रिप्शनचा गर्व होणे अवघड.

अभय बंगांनी हेच तर्कशास्त्र मजुरीला लावले. मराठवाड्याच्या दृष्टीने ती गोष्ट नारूइतकीच महत्त्वाची आहे, कारण १९७२ च्या दुष्काळापासून आपल्याकडची निम्मी खेडी रोजगार हमीच्या खडीवर जगली. पागे समितीने शेतमजुराचे किमान वेतन ठरवताना त्याला लागणाऱ्या अन्नाचा हिशोब मांडला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगांनी आहारशास्त्राचे तक्ते घेऊन तो हिशोब पुन्हा केला. दिवसभर फोडणाऱ्या-खणणाऱ्या देहाला किती उष्मांक लागतात आणि त्याच्यावर घरची किती तोंडे अवलंबून असतात, हे समितीने कमी धरले होते. त्यांच्या गणिताने रोजी ४ रुपयांऐवजी १२ रुपये निघत होती. मजूर संघटनांनी हे गणित उचलले आणि सरकारला दर वाढवावे लागले. कुपोषणावर त्या काळात कोणी लिहिलेले सर्वांत चांगले प्रिस्क्रिप्शन हेच असावे.

विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांची दुसरी लढाई स्वतःच्या घरातली होती. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ नंतर खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले आणि देणगी घेऊन प्रवेश देण्याविरुद्ध निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने १९८४ मध्ये संप केला. त्यात गुणवत्तेची चाड होती, तशी आपल्या पदवीचा भाव उतरेल ही भीतीही होती. दोन्ही एकाच घोषणेत मिसळले होते. संपाने खासगी महाविद्यालये थांबली नाहीत. सामान्य रुग्णाला या आंदोलनातून काय मिळाले, याचे उत्तर त्या वेळीही कोणी नीट दिले नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसे उशिरा झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूरचा पट्टा हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून बापजाद्यांनी बांधलेली. तीच अंगावर आली. सुमारे ८,००० माणसे गेली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूरच्या रुग्णालयांत नेले. पहिल्या आठवड्यात तिथे डॉक्टरांची, पथकांची, औषधांच्या खोक्यांची एवढी गर्दी झाली, की मराठवाड्याने ती आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. महिना-दोन महिन्यांत ती पांगली. मागे राहिले ते पाठीचा कणा मोडलेले, झोप उडालेले, आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या त्या बाया, ज्यांची सगळी लेकरे ढिगाऱ्यात गेली होती आणि ज्या आता नळ्या पुन्हा जोडून मागत होत्या. एवढे मोठे शिबिर सरकारने आणि जगाने मिळून भरवले होते. शिबिराची मर्यादाही तेवढीच मोठी दिसली.

हॅलोतून आलेले डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी याच भागात बस्तान बसवले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी हॅलो मेडिकल फाउंडेशन सुरू झाले, ते नळदुर्गजवळच्या अणदूरला. हे खंडोबाचे ठाणे. देव वर्षातला काही काळ इथे आणि काही काळ नळदुर्गला राहतो. भूकंपाच्या पट्ट्यापासून गाव फार लांब नाही. कॉलेजात असताना पडलेला प्रश्न, डॉक्टर वाडीपर्यंत का पोचत नाही, याचे त्यांनी दिलेले उत्तर काहीसे उलटे होते. डॉक्टर पोचणार नाही हे मान्य करायचे आणि वाडीतल्याच बाईला शिकवायचे. तिला नाव दिले ‘भारतवैद्य’.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडला तेच केले होते, चीनच्या अनवाणी डॉक्टरांचे उदाहरण साऱ्या जगापुढे होते, जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ ला गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजनाही काढून पाहिली होती. सरकारी योजनेत बहुतेक पुरुष नेमले गेले आणि त्यांतले पुष्कळ सरपंचाच्या नात्यागोत्यातले. अणदूरच्या बाया शेतात मजुरी करणाऱ्या, कोणी परित्यक्ता, कोणी विधवा, शिक्षण बेताचे. ताप, जुलाब, खोकला, जखम यांवर काय द्यायचे आणि काय देऊ नये, गरोदर बाईत धोक्याची खूण कोणती, मूल कसे तोलायचे, हे त्या शिकल्या. आपल्याकडे दवाखान्यात गेल्यावर सुई टोचली नाही तर पैसे वाया गेले असे वाटते. सलाईन लावले की अर्धा आजार गेला. अशा मुलखात साखर-मिठाचे पाणी पाजून जुलाब झालेला माणूस सावरतो हे सांगणारी बाई गावातल्या कंपाउंडरला आणि बोगस डॉक्टरला आवडणार नव्हतीच. तिने सुईशिवाय माणूस बरा करून दाखवला, ही माझ्या मते हॅलोची सगळ्यात मोठी कमाई. बाजूला जानकी रुग्णालय उभे राहिले हे चांगलेच झाले, तिला पुढे पाठवायला जागा लागते. पण रुग्णालये इतरांनीही काढली.

ती इतरांची कामे एका ओळीत उरकणे अन्यायाचे आहे, तरी नोंद हवी. औरंगाबादेतच १९८९ मध्ये संघविचाराच्या तरुण डॉक्टरांनी हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि झोपडपट्ट्यांत काम उभारले. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, गोंड, कोलाम, आंध वस्तीच्या किनवटात डॉ. अशोक बेलखोडे यांनी साने गुरुजी रुग्णालय चालवले. बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेने भारलेल्या पिढीतले ते. विचाराने ही माणसे एकमेकांपासून कोसभर लांब. तरी सगळ्यांचे मूळ पाहिले तर तरुणपणी जमलेले मित्र आणि रात्री उशिरापर्यंत चाललेले वाद.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव ‘आशा’ आली. जामखेडच्या, अणदूरच्या बायांनी घालून दिलेली वाट सरकारने हमरस्ता केली, पण आशाला पगाराऐवजी कामाप्रमाणे मोबदला ठेवला, आणि त्यासाठी आशांना आजही मोर्चे काढावे लागतात. सेवाग्रामचा पायंडाही आता देशभर सक्तीचा झाला आहे: २०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यायची आहेत. सक्तीच्या गोष्टीची जर्नल लवकर भरतात. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या प्राध्यापकांनी ठरवले तर यातून काही निघेल. बंग दांपत्याच्या ‘निर्माण’ उपक्रमात २००६ पासून येणाऱ्या तरुणांत वैद्यकीय विद्यार्थी बरेच असतात, हे त्यातल्या त्यात आशेचे चिन्ह.

आणि आपला लातूर पॅटर्न. शाहू कॉलेज आणि दयानंद कॉलेज यांनी रुजवलेल्या त्या शिस्तीने शेतकऱ्यांच्या, गुरुजींच्या, एसटी कंडक्टरांच्या पोरांना डॉक्टर केले, हे उपकार मोठेच. अहमदपूर, उदगीर, चाकूरची पोरे दरवर्षी नीटला बसतात, लागतात. निजामाच्या काळात हैदराबादची वाट न परवडणाऱ्या मुलखाने एवढी मजल मारली. मात्र हॅलोच्या पोरांकडे होते ते एक कौशल्य या पॅटर्नमध्ये शिकवले जात नाही: पुस्तकाबाहेरचा प्रश्न स्वतः काढणे. चार पर्यायांतला बरोबर निवडणारा मुलगा पुढे चांगला डॉक्टर होऊ शकतो. पायऱ्यांच्या विहिरीपाशी मात्र त्याला पर्याय देणारे कोणी नसते.

या सगळ्या गटांचा इतिहास कोणी एकत्र लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. हॅलोच्या काळातली पोरे आता साठीत आहेत. काही गेली, काही लातूर-नांदेडात दवाखाने चालवतात. त्या काळची हाताने लिहिलेली टिपणे, पत्रके, गावपाहणीच्या वह्या, शिबिरांचे फोटो कोणाच्या तरी माळ्यावर असतील. तुमच्याकडे किंवा तुमच्या घरच्या डॉक्टरांकडे असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि त्यावर गावाचे नाव आणि साल तेवढे लिहा.